अनुभव धागा : प्राप्तिकर विवरणपत्र भरताना आलेल्या अडचणी आणि सापडलेल्या वाटा

२०२५-२६ या करनिर्धारण वर्षासाठी, म्हणजे २०२४-२५ या आर्थिक वर्षातील उत्पन्नासाठी, विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि अखेरच्या क्षणी १६ सप्टेंबर २०२५ अशी सरकली. आता ती धावपळ संपली आहे. पण उशिराचे आणि सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, म्हणून आपापले कागद पुन्हा काढून पाहण्यासाठी तेच दिवस योग्य आहेत असे वाटून हा धागा सुरू केला. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, मात्र २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाची आकारणी जुन्याच कायद्याने होईल, हेही आधीच नोंदवून ठेवतो. सर्वांना विनंती अशी की केवळ सल्ला न लिहिता नेमके काय घडले, कोणत्या कागदावरचा आकडा कोठे जुळला नाही आणि तो कसा जुळवला, ते लिहावे. पॅन, आधार किंवा खाते क्रमांक कृपया लिहू नयेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. वडिलांचे २०२३-२४ करनिर्धारण वर्षाचे विवरणपत्र मी जून २०२३ मध्येच भरले आणि निश्चिंत झालो. भरलेले विवरणपत्र आपलेच असल्याच्या पडताळणीसाठी १२० दिवस असतात ही जुनी माहिती डोक्यात पक्की होती. १ ऑगस्ट २०२२ पासून ती मुदत ३० दिवसांवर आली आहे हे मला ठाऊक नव्हते. सप्टेंबरमध्ये आधारच्या ओटीपीने पडताळणी केली, तेव्हा विवरणपत्र त्या दिवशी भरले असे धरले गेले आणि उत्पन्न पाच लाखांच्या आत असूनही, कर शून्य असूनही, एक हजार रुपये विलंबशुल्क लागले. पाच लाखांवर उत्पन्न असते तर हीच रक्कम पाच हजार झाली असती. तेव्हापासून विवरणपत्र दाखल करून मी संगणकासमोरून उठत नाही. पडताळणी झाल्याचा संदेश आल्यावरच उठतो.

निवृत्त शिक्षिका

माझ्या मुदत ठेवी दोन बँकांत आहेत. व्याजावर कर कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिकांनी द्यायचा १५एच हा अर्ज एका बँकेत दिला की काम झाले, असे मी समजत होते. प्रत्यक्षात तो प्रत्येक बँकेला वेगळा आणि प्रत्येक आर्थिक वर्षी नव्याने द्यावा लागतो, त्यामुळे दुसऱ्या बँकेने दहा टक्क्यांनी टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापला जाणारा कर, कापला. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजावर कपात होण्याची मर्यादा पन्नास हजारांवरून एक लाख झाली आहे, त्यामुळे पुढे हा त्रास कमी होईल. तरीही एक गोष्ट माझ्या वयाच्या मैत्रिणींना मी वारंवार सांगते, की टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले असे नाही. ते उत्पन्नात दाखवावेच लागते, आणि कलम ८०टीटीबीची पन्नास हजारांपर्यंतची वजावट फक्त जुन्या, म्हणजे अधिक वजावटी देणाऱ्या, करप्रणालीतच मिळते; कमी दरांच्या नव्या प्रणालीत नाही.

दुसरी अडचण अशी की एआयएस, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडे आलेल्या आपल्या उत्पन्नाच्या माहितीचे वार्षिक विवरण, उतरवून घेतले तेव्हा एकाच ठेवीचे व्याज दोनदा दिसत होते, एकदा टीडीएसच्या नोंदीत आणि एकदा बँकेने स्वतंत्रपणे कळवलेल्या माहितीत. भाच्याने मला त्या नोंदीसमोरच प्रतिसाद नोंदवण्याची सोय दाखवली. ही माहिती दुसऱ्या नोंदीत आलेली आहे, हा पर्याय निवडला आणि बँकेकडून व्याजाचा दाखला घेऊन तो फाइलमध्ये लावून ठेवला. विवरणपत्रात दाखल्यावरचाच आकडा भरला आणि त्याबाबत पुढे काही विचारणा आली नाही.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेला अभियंता

मला बसलेला फटका मोठा होता, म्हणून आकड्यांसकट लिहितो. २०२४-२५ मध्ये पहिल्या कंपनीकडून मला साडेचार लाख पगार मिळाला आणि दुसरीकडून आठ लाख चाळीस हजार. पहिल्या कंपनीने पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट दिली आणि उरलेली रक्कम सात लाखांच्या आत असल्याने काहीच कर कापला नाही. दुसऱ्या कंपनीनेही तीच वजावट पुन्हा दिली, खालच्या टप्प्यांचा लाभही पुन्हा दिला आणि उपकरासह २७,५६० रुपये कापले. दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कपातीचे दाखले, हातात होते आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. चूक दोन्हींच्या मधल्या जागेत होती. एकत्र उत्पन्न १२ लाख ९० हजार, त्यातून वजावट एकदाच, म्हणजे करपात्र उत्पन्न १२ लाख १५ हजार. नव्या प्रणालीत त्यावर उपकरासह ८६,३२० रुपये कर होतो. म्हणजे ५८,७६० रुपये मला जुलैमध्ये एकदम भरावे लागले, शिवाय आगाऊ कर न भरल्याचे पाच हजारांहून अधिक व्याज वेगळे.

हे टाळण्यासाठी फॉर्म १२बी नावाचा साधा कागद असतो. आधीच्या कंपनीतला पगार आणि कपात त्यात लिहून नव्या कंपनीला दिला की ती संपूर्ण वर्षाचा हिशेब धरून कर कापते. रुजू होण्याच्या दिवशी आपण इतक्या कागदांवर सह्या करतो. त्यात हा एक स्वतःहून मागून घ्यावा.

अंतर्गत सजावटीचा व्यवसाय करणारी एकल व्यावसायिक

ग्राहक कंपन्या माझ्या बिलातून दहा टक्के टीडीएस कापतात, म्हणून आपला कर भरून झाला असे मी पहिली दोन वर्षे मानत होते आणि पगारदारांचे साधे विवरणपत्र, आयटीआर-१, भरत होते. दुसऱ्या वर्षी विवरणपत्र सदोष असल्याची कलम १३९(९) खालील सूचना आली आणि उत्तरासाठी पंधरा दिवस मिळाले. मग लहान व्यावसायिकांसाठीचे आयटीआर-४ भरले. कलम ४४एडीए खाली माझ्या व्यवसायात एकूण जमेच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली की खर्चाच्या सविस्तर वह्या ठेवाव्या लागत नाहीत. जमेची मर्यादा पन्नास लाख आहे आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल तर पंचाहत्तर लाख. आगाऊ कर चार हप्त्यांऐवजी १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येतो, ही या तरतुदीतली मला सर्वांत उपयोगी वाटणारी सवलत आहे.

पगारदार मित्रांचे ऐकून एक गैरसमज मात्र करून घेऊ नये. ते दरवर्षी विवरणपत्रातच जुनी किंवा नवी प्रणाली निवडू शकतात. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यांना जुन्या प्रणालीत राहण्यासाठी मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि त्यानंतर नव्या प्रणालीत परतण्याची संधी एकदाच असते. मी हा निर्णय घेण्यापूर्वी पुढच्या तीन वर्षांचे विमा हप्ते आणि गृहकर्जाचे व्याज कागदावर मांडून पाहिले.

आईला घरभाडे देणारा मुलगा

आईच्या मालकीच्या घरात राहून तिला भाडे देणे आणि जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणे यात गैर काही नाही. मात्र व्यवहार खरा असला पाहिजे. आम्ही भाडेकरार केला, रक्कम दरमहा तिच्या खात्यात जमा केली, वार्षिक भाडे एक लाखावर जात असल्याने कंपनीला तिचा पॅन दिला आणि तिच्या विवरणपत्रात ते भाडे दाखवले. तिला तीस टक्के प्रमाणित वजावट मिळाली आणि कर लागला नाही.

पतीनिधनानंतर कागदपत्रे पाहावी लागलेली गृहिणी

माझे पती नोव्हेंबरमध्ये गेले. एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतच्या त्यांच्या पगाराचे विवरणपत्र वारसाने भरायचे असते, हे मला त्यांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने सांगितले. त्यांच्या नावाने प्रवेश करून भरून टाका, असेही काही जणांनी सुचवले होते. ते मी केले नाही आणि आज त्याचे समाधान वाटते. मी स्वतःच्या पॅनने नोंदणी करून वारस प्रतिनिधी म्हणून विनंती केली. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा लागतो. मला वाटत होते की त्यासाठी न्यायालयाचाच कागद लागेल, पण कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेशही चालतो. तो माझ्याकडे होता आणि विनंती मंजूर झाली.

माझ्या स्वतःच्या विवरणपत्रात मात्र चूक झाली होती. कुटुंब निवृत्तिवेतन मी पगार या सदरात दाखवून पूर्ण प्रमाणित वजावट घेतली. ते इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न असते. त्यावर एक तृतीयांश किंवा ठरावीक मर्यादा, यांतील कमी असेल तितकीच वजावट मिळते. ती मर्यादा जुन्या प्रणालीत पंधरा हजार आणि नव्या प्रणालीत २०२४-२५ पासून पंचवीस हजार आहे. पतीचे सेवानिवृत्तिवेतन आणि पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन यांत कायदा फरक करतो, हे माझ्यासारख्या स्त्रियांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवे. मी डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरून ते दुरुस्त केले.

म्युच्युअल फंडात लहान गुंतवणूक करणारा

नियमित (मध्यस्थामार्फतच्या) योजनेतून डायरेक्ट (थेट फंडाकडून घेतलेल्या) योजनेत केलेले स्विच म्हणजे विक्रीच असते, हे मला एआयएस पाहून कळले. बँकेत एक रुपयाही आला नव्हता, तरी नफा मोजावा लागला. माझे काही युनिट वर्षाच्या आतले होते, त्यामुळे आयटीआर-१ चालले नाही आणि भांडवली नफा दाखवता येणारे आयटीआर-२ भरावे लागले. २०२५-२६ करनिर्धारण वर्षापासून इक्विटीचा (शेअरचा आणि शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडांचा) दीर्घकालीन नफा सव्वा लाखापर्यंत असेल तर आयटीआर-१ मध्ये दाखवता येतो; अल्पकालीन नफ्याला ही सोय नाही. २३ जुलै २०२४ रोजी दर बदलल्याने त्या तारखेपूर्वीचे आणि नंतरचे व्यवहार वेगळे दाखवावे लागले, अल्पकालीन नफ्यावर आधी पंधरा आणि नंतर वीस टक्के. फंडाच्या निबंधकाकडून भांडवली नफ्याचे विवरण मागवावे. एआयएसमध्ये माझी खरेदी किंमत काही ठिकाणी शून्य दिसत होती.

थकबाकी मिळालेला शासकीय कर्मचारी

वेतनाची मागील वर्षांची थकबाकी एकदम मिळाली आणि कर वाढला. थकबाकीमुळे वाढलेल्या करावरची कलम ८९ खालील सवलत मी विवरणपत्रात मागितली, पण तिच्यासाठीचा फॉर्म १०ई आधी भरला नाही. कलम १४३(१) खालील सूचनापत्रात ती सवलत नाकारून मागणी काढली गेली. मग फॉर्म १०ई भरला आणि मुदत शिल्लक असल्याने त्यानंतर सुधारित विवरणपत्र दाखल केले. फॉर्म आधी, विवरणपत्र नंतर, हा क्रम उलटू नये.

धागा सुरू करणारा

थकबाकीच्या अनुभवाला जोडून एक लिहितो. ३१ डिसेंबरही हुकला, तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उरतो आणि त्याची मुदत आता ४८ महिने झाली आहे. पण त्यात रिफंड मागता येत नाही, कर कमी करता येत नाही आणि उलट २५ ते ७० टक्के जादा कर भरावा लागतो. तेव्हा ज्यांचा रिफंड निघतो आहे किंवा एखादी वजावट राहून गेली आहे, त्यांनी फॉर्म १६, बँकेचे व्याज दाखले आणि एआयएस ही तीन कागदपत्रे मुदतीच्या आत शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, आणि जे आकडे जुळणार नाहीत ते इथे लिहावेत.