अनुभव धागा : छातीतली धडधड, सततची भीती आणि उपचार

हृदय, गॅस, थायरॉइड, दृष्ट अशा सगळ्या वाटा फिरून झाल्यावर हा चिंतेचा आजार आहे हे ज्यांना कळलं, त्यांनी कृपया लिहा. नेमकं काय होत होतं आणि कशाने फरक पडला, तेही सांगा. नाव नको, गाव पुरे.

मीच सुरुवात करते.

डोंबिवली

२०२२. सकाळची फास्ट, बायकांचा डबा. ठाणं सुटलं आणि छाती अशी धडधडायला लागली की आता आपण जातो याबद्दल शंकाच उरली नाही. बोटं बधिर, श्वास पुरेना. घाटकोपरला दोघींनी धरून उतरवलं. ईसीजी नॉर्मल. 'ॲसिडिटी असेल' म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी फास्ट सोडली, मग लोकलच सोडली. सात महिन्यांनी एका फिजिशियनबाईंनी विचारलं, "पुन्हा होईल या भीतीपायी काय काय बंद केलंत?" मला तिथेच रडू फुटलं. पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा आजार.

सीबीटी घेतली, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारा बोलून केलेला उपचार. पहिला आठवडा नुसतं फलाटावर उभं राहायचं. मग स्लोने कोपर, एकच स्टेशन. मग दिवा, मुंब्रा, कळवा. अट एकच होती : धडधड सुरू झाली तरी मध्येच उतरायचं नाही. झटका काही मिनिटांत शिगेला जातो आणि ओसरतो, हे नुसतं सांगून मला पटलं नसतं. दिवा ते ठाणे घड्याळाकडे बघत बसले तेव्हा पटलं.

छातीत दुखलं तर पहिल्यांदा हृदयाची तपासणी कराच. 'मनाचं असेल' असं घरच्या घरी ठरवू नका.

नाशिक, निवृत्त शिक्षक

मला झटके वगैरे कधी आले नाहीत. मुलगा गाडी घेऊन निघाला की अपघात, फोन उचलला नाही की अपघात. मान आखडलेली, रात्री तीनला टक्क जाग. दोन वर्षं स्वभाव म्हणून काढली. डॉक्टरांनी आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावली, कारण थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली तरी असंच होतं. ते ठीक निघालं. मग जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची यादी भरून घेतली. २१ पैकी १६. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासावं लागतं, म्हणाले.

एस्सिटालोप्राम ही चिंतेवरची गोळी सुरू झाली. पहिले दहा दिवस उलट जास्त बेचैन होतो. त्यांनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो, नाहीतर गोळ्या फेकून दिल्या असत्या. पाचव्या आठवड्यात पहाटे जाग आली ती थेट साडेपाचला. बायको म्हणाली, आज घोरत होतात. बरं वाटल्यावर स्वतःच्या मनाने बंद करू नका, हळूहळू कमी करावी लागते.

कोल्हापूर

सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली, मायेनेच. पण माझी चूक वेगळी होती. क्लोनाझेपाम या लगेच शांत करणाऱ्या औषधाची अर्धी गोळी थोड्या दिवसांसाठी दिलेली, ती मी चार वर्षं घेत राहिले. घेतली की लगेच शांत, म्हणून तिलाच औषध समजले. मूळ भीती तिथल्या तिथेच होती. सोडवायला पाच महिने लागले, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कणाकणाने. एकदम सोडली तर फिट येऊ शकते.

पुणे, मूळ बीड

मेसमध्ये चारचौघांत जेवता यायचं नाही. हात थरथरेल, वरण सांडेल, सगळे बघतील. दोन सेमिस्टर खोलीत पार्ले-जी खाल्ले. समुपदेशकाने दुकानात जाऊन भाव विचारून काही न घेता परत यायला लावलं. दहा दुकानं. तिसऱ्या दुकानापर्यंत घाम फुटला होता. सातव्यात दुकानदाराने वर पाहिलंसुद्धा नाही. परवा मेसमध्ये जेवलो, कोपऱ्यातल्या टेबलावर.

चंद्रपूर

गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर रात्री फोन केला, मराठीत बोलता आलं. सोमवारी जिल्हा रुग्णालयात जातेय. आत गेल्यावर बोबडी वळेल अशी भीती वाटते. काय सांगू?

डोंबिवली

ताई, कागदावर लिहून न्या. कधीपासून, किती वेळा, त्या वेळी शरीरात काय होतं, झोप कशी आहे, चहा किती होतो, चालू असलेली सगळी औषधं, आणि भीतीने काय काय सोडलंत. मरणाचे विचार येत असतील तर ते सगळ्यात वर लिहा. बोलता आलं नाही तर कागद पुढे करा. मीही तेच केलं होतं.