कोलेस्टेरॉलचं ‘विघटन’, ‘निचरा’ की ‘जिरवणं’?

तापीकाठची: बचत गटातल्या बायकांसाठी आरोग्याचं माहितीपत्रक करतेय. यकृत कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावतं, ती बायकांत आणि पुरुषांत अगदी सारखी नसते, एवढंच सांगायचंय. हाती आलेल्या मसुद्यात मथळा आहे ‘कोलेस्टेरॉलच्या विघटनातील लिंगभेद’. धुळ्याजवळ एका गावात वाचून दाखवला, तर एक आक्का म्हणाल्या, “दवाखानामा बी भेदभाव करतस का?” शब्द सुचवा.

आबा अमळनेर: ‘लिंगभेद’ आधी काढा, तो आता अन्यायाचा शब्द झालाय. ‘स्त्री-पुरुषांतला फरक’ लिहा. क्रियेला ‘चयापचय’ आहेच, शाळेत शिकवतात. सगळंच सोपं करत बसलो तर शास्त्राची मराठी उरेल का?

तापीकाठची: आबा, ज्यांच्यासाठी पत्रक आहे त्यातल्या कितीतरी जणींची शाळा चौथीत सुटली.

केळीपट्टा: मी लॅबमध्ये काम करतो. ‘विघटन’ मुळातच चूक आहे. कोलेस्टेरॉलच्या रेणूतली कड्यांची चौकट आपल्या शरीराला मोडताच येत नाही. यकृत त्याची पित्ताम्लं बनवतं, रोज साधारण अर्धा ग्रॅम. ती आतड्यात उतरून तेल-तूप पचवायला मदत करतात आणि जवळपास 95 टक्के पुन्हा यकृतात येतात. शौचावाटे जाईल तेवढीच खरी सुटका. शिवाय काही कोलेस्टेरॉल न बदलता तसंच पित्तात सोडलं जातं.
बाईचा फरक इथे येतो. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते, जास्त ओढून घेतं आणि पित्तातही जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. म्हणून पाळी चालू असेपर्यंत एलडीएल सहसा कमी, पण पित्ताशयात खडे व्हायचं प्रमाण त्या वयाच्या पुरुषांच्या दुपटीच्या घरात. गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाने पित्ताशय सुस्तावतं, तेव्हा आणखी भर. पाळी गेली की एलडीएल चढू लागतं. ‘निचरा’ लिहा. शेतातल्या बाईला लगेच कळेल.

शिरपूरकर: निचरा पाण्याचा होतो, भाऊ. आमच्याकडे खाल्लेलं ‘जिरतं’.

केळीपट्टा: जिरलं म्हणजे आत मुरलं. इथे तर बाहेर काढायचंय!

तापीकाठची: माझी मोठी अडचण ‘पित्त’च आहे. मावशीला सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, तर तिने चहा सोडला आणि थंड दूध सुरू केलं. आमच्याकडे पित्त म्हणजे छातीमा जयजय व्हनं (छातीत जळजळ होणं), नाहीतर अंगावर उठलेल्या गांधी. यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस कुणाच्या डोळ्यापुढे येतच नाही. ऑपरेशननंतर खडे बाटलीत दिले होते: पिवळट, मेणचट, हरभऱ्याएवढे. ते पाहिल्यावर तिला पटलं की हे ॲसिडिटीचं दुखणं नाही.

आबा अमळनेर: अशाच खड्यांवरून तर नाव पडलं. 1815 च्या सुमारास शेव्ह्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ग्रीक ‘खोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरेऑस’ म्हणजे घट्ट, असं जोडून ते ठेवलं. आपण ‘पित्तघन’ का म्हणू नये? लोक सरसकट ‘चरबी’ म्हणतात ते तरी थांबेल.

केळीपट्टा: रिपोर्टवर ‘कोलेस्टेरॉल’ छापलेलं असतं. पित्तघन वाचलेली बाई तो रिपोर्ट घेऊन कुणाला काय विचारणार? रूढ झालेला शब्द हिसकावू नका.

शिरपूरकर: ‘यकृत’ तरी कुठे रूढ आहे? सरळ ‘काळीज’ लिहा. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृतच मिळतं.

आबा अमळनेर: आणि ‘काळीज धडधडतं’ ते काय यकृत? वाचणाऱ्याला हृदयच वाटेल.

शिरपूरकर: संस्कृत ‘कालेय’ म्हणजे यकृतच, आबा. काळजाचं मूळ तिथे आहे. हृदयाचा अर्थ मागाहून चिकटला.

आबा अमळनेर: मूळ असेल. माझी आजी लेक सासरी निघाली की ‘कायीज तुटस’ म्हणायची. तिला तुमचं ‘कालेय’ कोण समजावणार?

तापीकाठची: पत्रक सोमवारी छापायला जातंय. ‘पित्ता’साठी कुणी काही सुचवेल का?

शिरपूरकर: सांगतो, पण आधी आबांनी कलेजीला काय म्हणायचं ते सांगावं.