शेतकऱ्यांना 'जीएम हवं की नको' हे विचारायचं कसं? प्रश्नावलीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कृषी विस्तार विषयात पदव्युत्तर प्रबंध करतेय. जनुकीय सुधारित (जीएम) पिकं घेण्याबद्दल शेतकऱ्यांना काय वाटतं, हा विषय. पंचवीस विधानांची प्रश्नावली केली, प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच रकाने. चाचणीसाठी बारा जणांकडे घेऊन गेले आणि तिथेच अडकलेय.

एक काका बांधावर बसून उत्तरं देत होते. 'जीएम पिकं जमिनीला घातक असतात' – पूर्ण सहमत. 'मी जीएम पीक घेणार नाही' – पूर्ण सहमत. पाठीमागे त्यांचीच बीटी कपाशी उभी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली. मी म्हटलं, काका, हेही जीएमच आहे. म्हणाले, "हे बीटी आहे पोरी. जीएम वेगळं." मग उठून त्यांनी एक हिरवं बोंड तोडलं आणि अंगठ्याने फोडून दाखवलं. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे गुलाबी अळी. "आधी ही आत शिरली तरी जगत नव्हती. आता बियाणं तेच, आणि फवारण्या परत सुरू." फोडलेलं बोंड त्यांनी माझ्या कागदावरच ठेवलं. ते जे बोलले ते लिहायला माझ्या पाच रकान्यांत जागा नव्हती.

हे काका जीएमच्या बाजूचे की विरोधातले? मला वाटतं दोन्ही नाहीत. त्यांना अळी मरायला हवी आहे, आणि मरत नाही म्हणून ते चिडलेत. मी मात्र गुण मोजून त्यांना 'तीव्र विरोधक' ठरवणार होते!

वाचन केलं तसा गुंता वाढलाच. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि तो पसरला मुख्यतः संकरित वाणांतून. त्यामुळे दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागतं ही तक्रार खरी असली, तरी ती संकरित वाणाची आहे, जनुकाची नाही. बांगलादेशात २०१४ पासून शेतकऱ्यांकडे गेलेलं बीटी वांगं सरळ वाणांत आहे, त्याचं बी घरी धरता येतं. हवाईत १९९८ मध्ये आलेली विषाणूरोधक पपई तर रिंगस्पॉट रोगाने बागा बसल्या म्हणून शेतकऱ्यांनी लावली. तिन्ही ठिकाणी 'जीएमबद्दल काय वाटतं' विचारलं तर उत्तरं तीन वेगळ्याच गोष्टींबद्दल येतील. अळीचंही तसंच. अमेरिकेत बीटी कापूस, अळीला बीटी पचू लागू नये म्हणून आधी त्याभोवतीची नॉन-बीटीची आश्रय पिकं, नंतर त्यांच्या जागी वांझ पतंग सोडणं असं टप्प्याटप्प्याने राबवलं, आणि २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे बियाण्याच्या पाकिटासोबत पूर्वी त्यासाठीच नॉन-बीटीची वेगळी पुडी यायची, ती किती जणांनी खरंच पेरली? बारापैकी दोघांनी मला सांगितलं की बांधावर फेकली. का, तर त्या ओळींवर अळी येणार हे माहीत असताना स्वतःची जागा कोण देईल! हे मला पटतं. पण हा 'दृष्टिकोन' कोणत्या विधानाने पकडायचा?

प्रबंधाला आकडे लागतात, त्यामुळे नुसत्या गप्पा मारून येणं शक्य नाही. प्रश्नावली कशी बदलू? अनुभवी लोकांनी कृपया सांगा. शेती करणारे कोणी असतील तर त्यांचं मत आधी हवंय.

प्रतिसाद

ताई, सर्वेक्षणाची कामं बरीच केली आहेत, म्हणून लिहितो. 'जीएम' हा शब्द पहिल्या पानावरून काढा आणि शेवटच्या पानावर आणा. आधी गुण विचारा: बोंडअळीला तोंड देणारं, तणनाशक सहन करणारं, पाण्याचा ताण सोसणारं. मग अटी विचारा: बी घरी धरता आलं तर? सरळ वाणात मिळालं तर? माल घेणाऱ्याने नाकारला तर? शेवटची अट सोडू नका. बुर्किना फासोत शेतकऱ्यांना बीटी कापूस आवडला होता, फवारण्या वाचत होत्या. पण धाग्याची लांबी घटली, रुईला भाव कमी येऊ लागला आणि २०१६ पर्यंत तिथल्या कापूस कंपन्यांनीच तो बंद केला. शेतकऱ्याचा कल हा असा पुढच्या माणसावरही अवलंबून असतो.

आणि उत्तरं कोण देतंय ते बघा. तणनाशक सहन करणाऱ्या बियाण्याबद्दल मालकाला विचाराल तर खुरपणीचा खर्च वाचला म्हणेल. खुरपणीला जाणाऱ्या बाईला विचारा. तिची मजुरी त्यात जाते, आणि तिच्या स्वतःच्या शेतात तिचीच कंबर त्यात वाचते. एकाच बाईची दोन उत्तरं येतील आणि दोन्ही खरी असतील.

प्रतिसाद

मी कपाशीवाला. तुमच्या काकांचं बरोबर आहे. आमच्यात कोणी जीएम म्हणत नाही, बीटी म्हणतात. एक सांगतो, परवानगी नसलेल्या बियाण्याबद्दल थेट विचारलंत तर खरं कळणार नाही. कागद-पेन घेऊन आलेल्या माणसाला कोण सांगेल? ब्राझीलमध्येसुद्धा परवानगीच्या आधी अर्जेंटिनातून सोयाबीन चोरून यायचं, त्याला लोक 'मॅराडोना' म्हणायचे. असं टोपणनाव तुमच्या भागातही असेल, ते आधी शोधा. 'तुम्ही लावलं का' ऐवजी 'या बाजूला किती जण लावत असतील' विचारा. आणि डोमकळी, म्हणजे अळी आत शिरल्याने न उमललेलं फूल, कधी दिसली, तशा कळ्या तोडून टाकल्या का, हेही विचारा. त्यावरून माणूस बियाण्यावर किती विसंबून आहे ते कळतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डोमकळ्यांचा प्रश्न मला सुचलाच नसता. काल रात्री बसून पंचवीसपैकी चौदा विधानं काढली. काकांसाठी आता पहिला प्रश्न असा केलाय: 'तुमच्या बियाण्याने पहिल्या वर्षी काय काम केलं, आणि आता काय करत नाही?' खाली चार ओळी कोऱ्या ठेवल्यात. त्याची वर्गवारी नंतर करेन, वेळ लागला तरी चालेल.

एक शंका राहिली. 'किती जण लावत असतील' याचं उत्तर नोंदवताना गावाचं नाव मुळीच लिहू नये असं मला वाटतं. उद्या कोणाला त्रास होता कामा नये. पण मग भागानुसार तुलना कशी करायची? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात मी परत त्याच बांधावर जाणार आहे.