१९४८ ची शेव्हरोले, कापडी टपाची: विकण्याआधी काय करावं?

दारव्हेकर
वाड्यात १९४८ ची शेव्हरोले फ्लीटमास्टर कन्व्हर्टिबल आहे. सहा सिलिंडर, ६ व्होल्ट, रंग मूळचा. इंजिन चालू होते, पण दोन वर्षांपासून गाडी रस्त्यावर नाही. आरसी बुक वारलेल्या वडिलांच्या नावावर, वारस तिघं. गावातले म्हणतात रंग मार, १२ व्होल्ट कर, मग दाखव. दलाल म्हणतो आहे तशी द्या, कागदाचं मी पाहतो. कोणाचं ऐकू?

स्टोव्हबोल्ट
दोघांचंही नको, भाऊ. नवा रंग दिसला की घेणारा आधी चुंबक काढतो. पत्र्यावर पुट्टी किती चढवली ते पाहायला. फिकट झालेला मूळ रंग त्याला परवडतो, चकचकीत रंगाखालचा गंज नाही.

पहिले नंबर पाहा. दाराच्या खांबावरच्या पट्टीत FK हवं. ४८ च्या फ्लीटमास्टरची ती खूण. FJ असेल तर गाडी स्टाइलमास्टर. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा) बॉडीच्या पट्टीवर 48-2167 असेल तर कन्व्हर्टिबल कारखान्यातूनच आली, कोणी छप्पर कापलेली नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर डिस्ट्रिब्युटरजवळ (प्लगांना करंट वाटणारा भाग) कोरलेला असतो. तो रॉकेल लावून फडक्यानं पुसा, पॉलिश पेपर लावू नका. घासलेला नंबर दिसला की संशय आलाच. आरसीशी एकेक आकडा ताडून घ्या.

मग सांगाडा. वर छप्पर नसल्यानं सगळा भार चेसिस आणि दाराखालच्या पट्ट्यांवर असतो. पुढच्या चाकामागे, चेसिसखाली जॅक लावून थोडी उचला आणि दाराची फट पाहा. फट बदलली किंवा दार अडकलं तर खाली गंज आहे. आपल्याकडची काळी माती चेसिसच्या कोपऱ्यांत बसते आणि ओल धरून ठेवते, सडायला सुरुवात तिथूनच. माती लाकडी काडीनं काढा. प्रेशरनं धुतलं की पाणी आत जाऊन राहतं. अन् गाडी गोठ्याला लागून असेल तर आजच हलवा, अमोनिया रेडिएटरच्या तांब्या-पितळेला खातो.

सहा_व्होल्ट
१२ व्होल्ट काहून करता राजेहो? ६ व्होल्टच्या गाडीचा स्टार्टर सुस्त फिरते त्याचं कारण बहुतेक वेळा केबल. तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, अन् लोकं ट्रॅक्टरच्या दुकानातली बारीक केबल लावून मोकळे होतात. ५० चौरस मिलीमीटरची टाका, अर्थिंगची जागा घासून उघडी करा. वायरवरचं जुनं कापडी आवरण उंदरानं कुरतडलं असेल तर तेवढाच तुकडा बदला.

पैसा घालायचाच तर ब्रेकवर घाला. मास्टर सिलिंडर एकच, त्यामुळे एका चाकाला गळती लागली की चारही गेले. चारही चाकांच्या सिलिंडरचे रबरी कप, रबरी होज, ब्रेकचं नवं डॉट ३ तेल, हे सगळं बदला. दुसरं म्हणजे पेट्रोल. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं मिळते. ते पाणी ओढते आणि जुनं रबर फुगवते. टाकी रिकामी करून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) आणि कार्टर डब्ल्यू-१ कार्बोरेटरचे गॅस्केट बदला.

टप इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालते. इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी अन् अॅक्सिलरेटर न दाबता, ठेवून उघडा. टप अर्ध्यात थांबला आणि इंजिन धडपडलं तर नळी किंवा सिलिंडर हवा खातो. मे महिन्याच्या उन्हात कडक झालेलं कापड ओढू नका, फाटतं. सकाळी उघडा.

दारव्हेकर
गरम झाल्यावर ऑइलच्या दाबाचा काटा आयडलला जवळपास शून्यावर येतो. हे बिघाडात धरू का?

सहा_व्होल्ट
नाही. या २१६ (घनइंची) इंजिनात कनेक्टिंग रॉडला तेल डिपरनं, म्हणजे रॉडखालच्या चमच्यानं, उडून मिळते, दाबानं नाही. चालत्या गाडीत १४-१५ पीएसआय दिसलं तरी पुष्कळ. काटा वर आणायला जाड तेल टाकू नका. घेणाऱ्याला आधीच सांगा, नाही तर याच काट्यावर भाव पाडतो.

कागदपत्र_यवतमाळ
आता कागद. दलालाच्या भरवशावर ठेवू नका. आधी वारसांपैकी एकाच्या नावावर करून घ्या: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी दोघांचं संमतीपत्र. मग घेणाऱ्याच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओत जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. ४८ साली यवतमाळ मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं, त्यामुळे जुनी नोंद ‘वाहन’ या आरटीओच्या ऑनलाइन प्रणालीत नसण्याची शक्यता आहे. बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद त्यात चढवणं) आधी करून घ्या. घेणारा दारात उभा असताना हे सुरू केलं तर सौदा मोडतो.

२०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, जुना नंबर ठेवता येतो. अट ही की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. पण मग गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यालाच. म्हणून तो निर्णय घेणाऱ्यावर सोडा.

इसार पावतीवर चेसिस आणि इंजिन नंबर लिहा. पूर्ण रक्कम बँकेत जमा झाल्याशिवाय किल्ली नाही. नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येते, म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करून दलालाला देऊ नका.

स्टोव्हबोल्ट
फोटो टाकताना चटई उचलून फरशीचे, चाकांच्या कमानीच्या आतले, आणि थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ न कापता. नेताना फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) चाकांना रुंद पट्टे बांधा, बंपरला नाही. वर ताडपत्री नको. वाऱ्यानं फडफडली की धुळीनं मूळ रंग घासून निघतो.