रूकी कार्डांचे ते दिवस

नव्वदच्या दशकातलं रूकी कार्डांचं, म्हणजे बेसबॉलच्या नवख्या खेळाडूंच्या पहिल्यावहिल्या फोटो-कार्डांचं, वेड म्हणजे निव्वळ सट्टा होता असं काहीजण म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. मी तेव्हा न्यू जर्सीत शाळेत होतो आणि स्कूलबसमध्ये मॅचपेक्षा बेकेटच्या मासिकातले कार्डांचे भाव जास्त चघळले जायचे, कोणाच्या नावापुढे वरचा बाण आला, कोणाच्या खालचा, हेच चालायचं. सगळ्याचं मूळ अपर डेक या कंपनीच्या १९८९ च्या संचातलं क्रमांक १ चं, केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड, पोरगा १९ वर्षांचा, कार्ड आलं तेव्हा मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, एकही मॅच खेळलेला नाही, फोटोतली मायनर लीगची (खालच्या पातळीच्या लीगची) टोपीसुद्धा रंगवून मरिनर्स या त्याच्या मेजर लीग संघाची केलेली! तो खरंच मोठा झाला आणि मग प्रत्येकाला पुढचा ग्रिफी हवा होता.

ब्रायन टेलर आठवतो का कोणाला? १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, न्यू यॉर्कच्या यँकीज संघानी सगळ्यांत पहिला उचलला, साडेपंधरा लाख डॉलर बोनस, आणि १९९३ च्या शेवटी एका मारामारीत खांदा गेला तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. फार वाईट वाटलेलं. कंपन्यांनी कार्डं इतकी बेसुमार छापली की आज त्या काळातल्या बहुतेकांना भाव नाही, हे खरंच आहे. पण मायनर लीगमधल्या अनोळखी पोरांचे आकडे आम्ही पाठ करायचो, ओळखी व्हायच्या आधी त्यांच्यावर जीव लावायचो, त्याला मी तरी नुसता सट्टा नाही म्हणणार.