कुंड्यांत आच्छादनाला पाचट की भुसा?

प्रश्न: गच्चीवर 14 इंची कुंड्यांत वांगी, टोमॅटो आहेत. एप्रिलच्या उन्हात माती दुपारपर्यंत खडखडीत. सुताराकडचा भुसा फुकट मिळतोय, माती झाकायला आच्छादन म्हणून वर टाकू का?

उत्तर: ताजा भुसा नको. मातीत मिसळला की कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतो, खालची पानं पिवळी पडतात. शिवाय प्लायवूडचा असेल तर त्यात डिंक आलाच. उसाचं पाचट (वाळलेली पानं) बोटभर तुकडे करून घ्या किंवा सुका पालापाचोळा हाताने चुरा. आधी माती हलकी उकरून मूठभर शेणखत, मग भरपूर पाणी, आणि त्यावर दीड-दोन इंच थर. कोरड्या मातीवर टाकलंत तर वरचं पाणी पाचटच पिऊन टाकतं.

उत्तर: बुंध्याभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. पाणी घालायची वेळ थर बाजूला सारून बोटाने तपासा, वरून अंदाज चुकतो. आंब्याची पानं अख्खी टाकू नका, एकावर एक चिकटून पत्र्यासारखी बसतात.

प्रश्न: आणि पावसाळ्यात?

उत्तर: अर्धा इंचच ठेवा. जाड ओल्या थराखाली गोगलगायी लपतात.