आईवडिलांची आज्ञा आणि आईवडिलांचा मान: तुमचे अनुभव लिहा

मिरजवाली
काल शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, बायबलातल्या दहा आज्ञांचं पाठांतर होतं. एक चिमुरडा पाचव्या आज्ञेला अडकला. "आपला बाप व आपली आई ह्यांचा..." आणि पुढे गप्प. मागच्या बाकावरून त्याचे आजोबा आवाज न करता ओठ हलवत होते, मान राख, मान राख. मला आमचे अप्पा दिसले.

१९९६ साल. मिरजेला वानलेस डॉक्टरांनी उभ्या केलेल्या दवाखान्यात मी नर्स होते. कुवेतचं काम चालून आलं, पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. अप्पा नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर. म्हणाले, "जायचं नाही." १९९० मध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा आपली लाखावर माणसं विमानांनी परत आणावी लागली होती. त्या बातम्या ते रोज रेडिओला कान लावून ऐकायचे.

मी गेले नाही. पण आठ महिने त्यांच्याशी धड बोललेही नाही. सुट्टीत घरी गेले की मी ताट वाढायचे, तांब्या ठेवायचे, वर बघायचे नाही. पत्रात दोन ओळी, "सर्व ठीक आहे." मंडळीत सगळ्या बाया म्हणायच्या, मास्तरांची लेक किती आज्ञाधारक! ते ऐकून पोटात खड्डा पडायचा. बायबलातल्या इफिसकरांच्या पत्रात आधी "आज्ञेत राहा" येतं आणि पुढे "मान राख". मी पहिलं केलं, दुसरं मोडलं.

डिसेंबरात अप्पा एसटीने मिरजेला आले. हॉस्टेलच्या फाटकाशी हुरड्याची पुरचुंडी घेऊन उभे. म्हणाले, "मी भ्यालो होतो गं." मी काहीच बोलू शकले नाही, पुरचुंडी घेतली फक्त.

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्याकडचं लिहा.

वसईकर
ताई, आमच्याकडे ही चौथी! आम्ही कॅथलिक मूर्तींची आज्ञा पहिलीतच धरतो आणि शेवटी लोभाच्या दोन करतो, म्हणून एकचा फरक. शाळेत प्रोटेस्टंट मित्राशी यावरून कडाक्याचं भांडण झालेलं.
आमच्या घरी संध्याकाळची जपमाळ संपली की थोरामोठ्यांचा आशीर्वाद मागायचा. बाबांशी दुपारी कितीही वाजलेलं असो, हात जोडून समोर जावंच लागायचं. त्यांनाही हात डोक्यावर ठेवावाच लागायचा. अर्धी भांडणं तिथेच मिटायची.

पणजीची_पोर
@वसईकर आमच्याकडे त्याला बेसांव म्हणतात. आता मी फोनवर मागते, आई पलीकडून देते. नेटवर्क गेलं तर परत लावते.

सोलापुरी
माझं उलटं आहे. आज्ञा मोडली, मान राखायचा प्रयत्न करतोय.
बाप्तिस्मा घेतला तेव्हा वडील म्हणाले, आजपासून तू मेलास. दोन वर्षं मनीऑर्डर परत यायच्या. तरी दर महिन्याला पाठवत राहिलो. तिसऱ्या वर्षी एक परत आली नाही. मी पोस्टातच रडलो.
ते गेले तेव्हा थोरला म्हणून अग्नी मी द्यायचा होता. धाकट्याला म्हटलं, तू दे, मला जमणार नाही, पण खांदा मी देणार. भावकीने खूप ऐकवलं. तेरा दिवस घरातून हललो नाही. पाणी भरलं, पंगती वाढल्या, भांडी घासली. तेराव्याला आई म्हणाली, "तुझ्या देवाने तुला घर सोडायला नाही शिकवलं." बस. लिहवत नाही पुढे.

मिरजवाली
@सोलापुरी भाऊ, प्रार्थनेत आहात. आईंना सलाम सांगा.

निंबोणी
मी विचारू का. वडील पिऊन आईला मारायचे. रविवारी त्याच हाताने पवित्र शास्त्र उघडून आम्हाला हीच आज्ञा वाचायला लावायचे. मान राखायचा म्हणजे नक्की काय करायचं?

दोन_लेकरांची_आई
@निंबोणी 😔 तुला मिठी. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

मिरजवाली
@निंबोणी बाळा, तिथेच थांबू नकोस. इफिसकरांच्या त्याच पत्रात दोनच वचनं पुढे आहे, "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." त्यांनी ते कधी वाचायला लावलं नसणार. मार सोसणं म्हणजे मान राखणं, असं कुठे लिहिलेलं नाही. आईला घेऊन बाहेर पडलीस तर आज्ञेतलं "आपली आई" पाळलंस.

निंबोणी
बाहेर पडलो आम्ही. २०१४ लाच. आता ते आजारी आहेत, औषधं मी पाठवते. भेटायला जात नाही. आज पहिल्यांदा कुणी म्हणालं की चुकलं नाही.

नगरी_पाव्हणा
"चिरडीस" शब्द किती दिवसांनी वाचला. आमची आजी सारखी म्हणायची, पोराला चिरडीस नको आणू.
@मिरजवाली मिरजेला कुठली बॅच? माझी आत्या तिथेच शिकली.

मिरजवाली
@नगरी_पाव्हणा १९९३ ला पास. आत्यांना विचारा, रात्रपाळीत चहा कोण करायचं 😊

पायरीवरचा
हे लिहायला दोन दिवस लावले. बायबलात मार्क ७ मध्ये येशू परूश्यांना, म्हणजे नियमांना चिकटून असलेल्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, खडसावतो, आईबापाला द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला अर्पण, म्हणून मोकळे होता. मागच्या रविवारी पाळकांनी तेच घेतलं. त्याच महिन्यात मी चर्चच्या नव्या छपराला २५ हजार दिलेत, टाळ्या वाजल्या माझ्यासाठी. आणि आई चार महिने कवळी मागतेय. मी म्हणतोय, पुढच्या महिन्यात बघू. ती भाकरी दुधात भिजवून खाते. उपदेश चालू असताना ती माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वसईकर
@पायरीवरचा दादा, आज फोन करा डॉक्टरला.
आमच्या बायबलात सिराकचं पुस्तक आहे, तुमच्यात नसतं. त्यात तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की बापाची बुद्धी मंदावली तरी त्याला समजून घे. नाताळनंतर पवित्र कुटुंबाच्या सणाला ते वाचतात. बाबांना आता विसरायला होतं. मला काका समजतात. आशीर्वाद मात्र मागितला की हात आपोआप वर येतो.

दोन_लेकरांची_आई
आले. माझं छोटंसंच. सासूबाई आणि मी, घरात दोघीच ख्रिस्ती. बायबलातल्या एकमेकींना न सोडणाऱ्या सून-सासू, रूथ-नामी, म्हणतात आम्हाला गल्लीत. त्या करंज्यांचं सारण कुणाला सांगत नव्हत्या, या नाताळला मला सांगितलं.

पणजीची_पोर
मग सांगा की आम्हाला!

दोन_लेकरांची_आई
@पणजीची_पोर नाही गं, त्यांना विचारल्याशिवाय नाही.

पायरीवरचा
मोजमाप घेतलं होतं, आज कवळी बसली. दवाखान्यातून निघताना म्हणाली, भाजलेलं कणीस खायचंय. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर मऊ खा. तिने ऐकलं नाही. पाऊस लागलाय, गाडीवाला शोधतोय.